तोच सुविचार पुन्हा पुन्हा येतो, त्याबद्दल

मॅडम, नववीच्या मुलांनी पायथनमध्ये बनवलेल्या, रोज एक सुविचार दाखवणाऱ्या वेलनेस ॲपमध्ये सात सुविचार, तरी 'भरपूर पाणी प्या' तीन दिवस लागोपाठ आलं आणि मुलं म्हणतात रँडम बिघडलंय, हे वाचून आमचा जुना वर्ग आठवला. यादी कशी करायची वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

आधी मुलांना हिशोब करायला लावा. रँडम.चॉइसला (यादीतून कुठलंही एक उचलणारी आज्ञा) काल काय दिलं ते आठवत नाही. सात दिवसांत सातही वेगळे येण्याची शक्यता ५०४० भागिले ८,२३,५४३, म्हणजे ०.६ टक्के. फळ्यावर हे मांडलं की 'बिघडलंय' म्हणणारे गप्प बसतात. पण वापरणाऱ्याला रोज नवीनच हवं असतं, तेही रास्तच. मग यादी पत्त्यांसारखी पिसा आणि एकेक काढत जा. संपली की परत पिसा. कालचंच वाक्य पहिलं आलं तर पुन्हा पिसा. उरलेली यादी फाइलमध्ये ठेवा, नाहीतर ॲप बंद केलं की मुसळ केरात. आणि हो, पिसायची आज्ञा म्हणजे शफल, ती मूळ यादीच जागेवर पिसते. 'नवी = रँडम.शफल(यादी)' लिहिलं की 'नवी'त नुसतं 'नन', म्हणजे काहीच नाही, येतं. वर्गात निम्मी मुलं इथेच अडकतात.

आम्हाला खरा फटका बसला तो प्रदर्शनाच्या कार्यालयाचा. अहवालात स्क्रीनचे फोटो छापलेले, परीक्षकांसमोर ॲप उघडलं तर दुसराच सुविचार. 'आउटपुट अहवालाशी जुळत नाही' असा शेरा, फाइल परत. ॲपचं कामच ते आहे असं लेखी कळवलं, तर म्हणे नमुन्यात 'अपेक्षित आउटपुट' हा एकच रकाना आहे. फोन केला की साहेब जागेवर नाहीत. शेवटी पोरांनी रँडम काढून एकच वाक्य ठेवलं आणि तेच पास झालं! काय बोलणार?

म्हणून डेमोची प्रत वेगळी ठेवा. तिच्यात सुरुवातीलाच रँडम.सीडला (रँडम कुठून सुरू व्हायचं ते ठरवणारी आज्ञा) एखादा ठरलेला आकडा द्या. दरवेळी तोच क्रम येईल. अहवालातले फोटो याच प्रतीतून काढा, शक्यतो पायथनची तीच आवृत्ती ठेवून. ती ओळ खऱ्या ॲपमध्ये मात्र राहू देऊ नका, नाहीतर सगळ्यांना एकाच क्रमाने सुविचार.

आता माझं मत, पटलं तर घ्या. अशा ॲपमध्ये सगळं नशिबावर सोडू नये. एखाद्याने 'उदास वाटतंय' दाबलं आणि समोर 'हसा, जग सुंदर आहे' आलं, तर तो ॲप काढूनच टाकेल. मूडप्रमाणे याद्या वेगळ्या करा, रँडम त्या यादीच्या आत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर कुठल्याही यादीत टाकू नका, तो कायम स्क्रीनवर दिसला पाहिजे. मी समुपदेशक नाही, त्यामुळे वाक्यं शाळेच्या समुपदेशकांच्या नजरेखालून घाला.

मुलांना लॉगिनचा कोडही रँडमनेच बनवावासा वाटेल. तिथे मात्र कोडचा अंदाज कुणाला बांधता येऊ नये म्हणून पायथनचं 'सिक्रेट्स' मॉड्यूल वापरा.