डिस्चार्ज नेमका अडतो कुठे?

प्रश्न : आमच्या ६० खाटांच्या रुग्णालयात डॉक्टर सकाळी १० ला ‘आज घरी जा’ म्हणतात आणि पेशंट बाहेर पडतो दुपारी ४ ला. भांडणं बिलिंग काउंटरवर होतात. तिथे आणखी एक माणूस नेमावा का? (प्रशासकीय अधिकारी, सांगली)

उत्तर : इतक्यात नको. नातेवाईक काउंटरवर उभे असतात म्हणून भांडण तिथे होतं. उशीर बहुधा आधीच झालेला असतो. सलग २० डिस्चार्जच्या फायलींना एकेक कागद लावा. डॉक्टरांची नोंद, समरी (उपचारांचा लेखी सारांश), उरलेल्या औषधांची फार्मसीकडे परतपाठवणी, अंतिम बिल, विमा मंजुरी, खाट रिकामी... प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि शेवट, दोन्ही वेळा लिहा. एकच वेळ लिहिली तर काम किती चाललं आणि फाइल नुसती पडून किती राहिली, हे कळत नाही.

बहुतेकदा दिसतं ते असं : राउंड संपल्यावर आरएमओ (निवासी डॉक्टर) सगळ्या समऱ्या एकदम लिहायला बसतात, सिस्टर औषधं एकाच फेरीत परत पाठवतात आणि १२ वाजता आठ फायली काउंटरवर धडकतात. नवा माणूस सकाळभर रिकामाच बसेल. टोयोटाच्या कारखान्यांतल्या कामाच्या पद्धतीतून इथे घ्यायचं ते एवढंच, की गठ्ठा फोडा, कामं साठवून एकदम करू नका. आदल्या संध्याकाळी ५ ला संभाव्य डिस्चार्जची यादी करा. रात्री समरीचा कच्चा मसुदा, तोपर्यंतचं बिल आणि जादा औषधांची परतपाठवणी उरका. सकाळचा डोस मात्र वॉर्डातच ठेवा. राउंडला गंभीर पेशंट झाले की आधी यादीतले, आणि एका समरीवर सही झाली की ती फाइल लगेच पुढे.

कॅशलेसमध्ये विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाने अंतिम मंजुरीला तीन तास दिलेत, पण ते तुमची विनंती पोहोचल्यापासून. एखादा रिपोर्ट किंवा इम्प्लांटचं (शरीरात बसवलेल्या उपकरणाचं) स्टिकर राहिलं की विमा कंपनीची क्वेरी आलीच.

‘दोन तासांत डिस्चार्ज’ असं फर्मान मात्र काढू नका. मग डॉक्टरांची नोंदच उशिरा लिहिली जाते. आकडा सुधारतो, पेशंट तिथेच. औषधं समजावून सांगण्याचा वेळही कापू नका.

प्रश्न : अपॉइंटमेंट घेऊनही ओपीडीत तासन्‌तास का बसावं लागतं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : २४ जणांना १० ची वेळ दिली आणि प्रत्येकाला ८ मिनिटं लागली, तर शेवटच्याचा नंबर १ वाजून ४ मिनिटांनी लागतो. दर अर्ध्या तासाला तिघांनाच बोलवावं. ६ मिनिटांची सवड उरते. डॉक्टर अर्धा तास उशिरा आले, तर तो उशीर भरून निघायला असे पाच गट जावे लागतात.