ऑड्युबॉनच्या कर्लूचं अस्सल पान कसं ओळखायचं?

अमेरिकी पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन याने काढलेल्या लांब चोचीच्या कर्लूचं, म्हणजे वाकड्या चोचीच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्याचं, जुनं छापील पान घ्यायचंय आणि ते अस्सल आहे हे कसं ओळखावं, असं तुम्ही विचारलंय. खुणा सांगते, पण ते चित्र एकट्या ऑड्युबॉनचं नाही, हे आधी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याच्या 'बर्ड्स ऑफ अमेरिका' या ग्रंथातलं पान क्रमांक २३१. पुढे दोन कर्लू, पाण्यापलीकडे अमेरिकेतलं चार्ल्स्टन शहर. १८३१ साली ऑड्युबॉन तिथे होता तेव्हा त्याने पक्षी रंगवले. नुकताच मारलेला पक्षी चौकटी आखलेल्या फळीवर तारांनी उभा करायचा, ही त्याची पद्धत. मागचं शहर मात्र त्याचा सहायक जॉर्ज लेहमनचं. पानाखाली चित्रकार म्हणून ऑड्युबॉन, कोरणारा-छापणारा म्हणून रॉबर्ट हॅवेल. लेहमन कुठेच नाही! त्याच्याआधी जोसेफ मेसन या कोवळ्या पोराने कितीतरी पक्ष्यांमागची झाडं-फुलं रंगवली, त्याचीही तीच गत.

मला हे मनाला लागतं, कारण खाडीकाठच्या एका माहितीफलकावर तुतवार आणि चिखल्या सहकाऱ्याने काढले, ओहोटीचा चिखल मी. किनाऱ्यावरच्या पक्ष्याचं निम्मं चित्र चिखलात असतं. पाय चिखलात शिरतो तिथे पाण्याची बारीक चकाकती रेघ येते आणि प्रतिबिंब तिथूनच सुरू व्हावं लागतं. अर्धा सूत सरकलं की पक्षी अधांतरी. फलक लागला, नाव एकट्या त्याचं. विचारलं तर काम देणारे म्हणाले, "बॅकग्राउंडला कोण नाव देतं?" सहकारी गप्प. नंतर म्हणतो कसा, लोक पक्षी बघायला येतात. बघू देत. पण चार्ल्स्टनवर हात ठेवून ते पान बघा, अंतर आणि उजेड दोन्ही गेलेले दिसतील. आजही त्याला माझं हेच उत्तर आहे.

आता खुणा. हॅवेलची, म्हणजे मूळ आवृत्तीची, पानं तांब्याच्या पत्र्यावरून छापून हाताने रंगवलेली आहेत. पूर्ण कागद साधारण ३९ बाय २६ इंच, व्हॉटमन या इंग्लिश कागद बनवणाऱ्यांचा. उजेडासमोर धरला की वॉटरमार्कमध्ये नाव आणि साल दिसतं. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर आधुनिक छपाई, विषय संपला. १८४०-४४ची लहान आकाराची आवृत्ती आणि ज्युलियस बीनने १८५८ पासून काढलेली मोठी रंगीत शिळाछपाई याही जुन्याच, त्यामुळे विकणारा नुसतं 'ओरिजिनल' म्हणाला तर कोणती आवृत्ती ते विचारा.

घेतलंत तर खालची नावांची ओळ फ्रेमखाली झाकू देऊ नका, आणि चित्र कोणाचं असं कोणी विचारलं तर दोन्ही नावं सांगा. ऑड्युबॉनने लेहमनचा सहायक म्हणून लेखनात उल्लेख केलाय, हे मान्य. पण तो मजकूर वेगळ्या ग्रंथात छापला गेला, चित्राबरोबर नाही.

आणि हो, कडा कापलेल्या पानाचा वॉटरमार्क कधीकधी त्या कापात जातो. तेवढ्यावरून ते नकली ठरवू नका.