ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्यांखेरीज अलीकडे कोणत्या मराठी कादंबऱ्या वाचल्या आणि त्या कशा वाटल्या?

आपण विचारले आहे की, ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’ आणि ‘ययाति’ वाचून झाल्यावर वेगवेगळ्या प्रकारांतल्या कोणत्या कादंबऱ्या हाती घ्याव्यात, आणि ज्यांनी त्या अलीकडे वाचल्या आहेत त्यांचे त्यांविषयी खरे मत काय आहे. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेल्या दीडएक वर्षात काही वाचनालयातून आणून, काही विकत घेऊन ज्या कादंबऱ्या मी वाचल्या, त्यांतल्या निवडक कादंबऱ्यांविषयी येथे लिहिते. मी समीक्षक नाही, त्यामुळे माझी मोजपट्टी साधी आहे. ही हकिकत कोण सांगते आहे आणि सांगणाऱ्याला नेमके किती ठाऊक आहे, हे मी आधी पाहते. कादंबरी प्रेमाची असो, भुताची असो की पेशवाईची, सांगणाऱ्याला सगळेच ठाऊक असले की माझे लक्ष उडू लागते.

ही खोड मला ‘मृत्युंजय’च्या पुनर्वाचनात लागली. 1967 साली आलेली ही कादंबरी मी कॉलेजात असताना रडत वाचली होती आणि त्या रडण्याची मला आजही लाज वाटत नाही. कर्ण, शोण, वृषाली, कुंती, दुर्योधन आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती सांगितलेली आहे, आणि ही योजना मला आजही धाडसी वाटते. या वेळी मात्र वृषालीचे एखादे पान आणि दुर्योधनाचे एखादे पान नाव झाकून वाचले, तर बोलणारा कोण ते उपमांवरून काही केल्या ओळखता येईना. सहा माणसे आहेत आणि आवाज एकच आहे, तोही सतत चढ्या पट्टीतला. आपल्याला ती आवडली असेल तर माझ्या या मताने आवड कमी करून घेऊ नये; पण पुढे मी ज्या पुस्तकांचे कौतुक करणार आहे त्याचे मूळ या तक्रारीत आहे, म्हणून ती आधी सांगितली.

आपल्याला इतिहास आवडतो असे दिसते, म्हणून आरंभ नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’पासून करते. 1997 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी अठराव्या शतकातल्या एका मराठी माणसाने उतारवयात लिहिलेल्या आठवणींच्या रूपात आहे. अंताजी हा वीर नाही आणि तसा आव आणण्याची गरजही त्याला वाटत नाही. पोटासाठी आणि पैशासाठी मिळेल त्याची चाकरी करणारा, जीव वाचवण्यात पटाईत आणि आपल्या लबाडीविषयी बऱ्यापैकी प्रामाणिक असा हा गडी नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांपासून 1757 सालच्या प्लासीच्या लढाईपर्यंत आपल्याला फिरवून आणतो. ‘स्वामी’मध्ये माधवरावांकडे पाहताना निवेदकाचे हात आपोआप जोडले जातात, तर इथे अंताजी मोठ्या माणसांकडे मुदपाकखान्याच्या दारातून पाहतो. त्याला खलबतखान्यातले काही कळत नाही, पण दाणावैरण कुठून आली, ती देणाऱ्याचे काय झाले आणि पगार किती महिने थकला, हे त्याला चोख ठाऊक असते.

या पुस्तकाने माझ्या मनातली एक जुनी गोष्ट हलवली. या स्वाऱ्यांची आठवण बंगालमध्ये एका अंगाईगीतात अजून आहे: बाळ झोपले, पाडा शांत झाला आणि बर्गी देशात आले. हे ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर. ज्याच्या पदरचा घोडा आणि हत्यार तो शिलेदार, आणि ज्याला ती सरकारातून मिळत तो बारगीर, एवढे शाळेत शिकले होते. पण तोच शब्द पलीकडच्या प्रांतात मुलांना भीती घालण्यासाठी वापरला जातो, हे कोणी सांगितले नव्हते. नोकरीच्या काळात एका बंगाली सहकारी बाईंनी मला हे गाणे म्हणून दाखवले होते आणि मी हसून विषय बदलला होता. अंताजी विषय बदलत नाही. लूट झाली, आपण त्यात होतो आणि आपल्या वाट्याला अमुक आले, असे तो सांगतो, आणि सांगता सांगता इतका मिश्कील होतो की हसल्यावर वाचकालाच अपराधी वाटावे. भाषा बखरीच्या वळणाची आहे, त्यामुळे पहिली तीसचाळीस पाने सावकाश जातात. तिथे थांबू नये. पुढे मराठेशाहीच्या अखेरीवर खऱ्यांनी ‘बखर अंतकाळाची’ लिहिली, ती माझी अजून वाचायची आहे.

प्रेमकथा म्हणून वाचायला घ्यावी आणि ती हातात फुटावी, असे ‘रणांगण’चे आहे. विश्राम बेडेकर यांची ही एकमेव कादंबरी 1939 साली निघाली, म्हणजे ज्या महायुद्धाची सावली तिच्यावर आहे ते धड सुरूही झालेले नसताना. युरोपातून मुंबईमार्गे पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आहे आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू माणसे आहेत. त्या वर्षांत ज्यूंना व्हिसावाचून पाय ठेवता येईल अशी जागा जगात जवळजवळ उरली नव्हती, आणि शांघाय हे तशा मोजक्या जागांपैकी एक होते, म्हणून ही माणसे तिकडे निघाली आहेत. त्यांतल्या हर्टाचे आणि चक्रधरचे बोटीवरच्या थोड्या दिवसांत जे होते, तेवढीच कादंबरी आहे. पुस्तक लहान आहे. एका रविवारात संपते.

चक्रधर हा आधीच्या प्रेमात पोळलेला आणि त्यामुळे स्त्रियांविषयी कडवट झालेला माणूस आहे, आणि आपली कडवट मते तो शहाणपण म्हणून आपल्याला ऐकवत राहतो. पहिल्या वाचनात मला त्याचा राग आला होता. या वेळी लक्षात आले की हा राग बेडेकरांना हवाच आहे, कारण हर्टा काय बोलते ते चक्रधर आपल्याला सांगतो खरा, पण ते त्याच्यापेक्षा आपल्याला आधी कळते. देश, घर आणि माणूस गमावलेली बाई समोर बसलेली आहे आणि हा स्वतःच्या प्रेमभंगाचे हिशेब मांडतो आहे. मुंबई येते, तो उतरतो, तिला उतरता येत नाही. पुढचे आपल्याला तिच्या पत्रांतून समजते आणि ते काय आहे ते मी सांगणार नाही. माझ्या हाती आलेल्या वाचनालयाच्या प्रतीत कोणा आधीच्या वाचकाने चक्रधरच्या वाक्यांपुढे पेन्सिलीने ‘चूक’, ‘साफ चूक’ असे शेरे मारले होते आणि शेवटच्या वीस पानांत मात्र एकही शेरा नव्हता. पुस्तकावर लिहिणाऱ्यांची मला चीड आहे, पण या अनोळखी माणसाशी माझे पूर्ण एकमत झाले.

ग्रामीण कादंबरीत कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचावी. 2023 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, तेव्हा मी हे नाव प्रथम ऐकले, हे कबूल करायला हवे. धरणामुळे उठवलेल्या गावातला देवाप्पा, मागे सोडून आलेली आणि रानात राहून रानटी झालेली म्हैस परत आणण्यासाठी जुन्या गावाच्या दिशेने जातो. घटना म्हणाल तर एवढीच. मला विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ची आठवण होणे साहजिक होते, कारण विषय तोच आहे: धरण, विस्थापित आणि न मिळालेली जमीन. 1992 सालचा अकादमी पुरस्कार मिळवणारी ती कादंबरी प्रशासकीय सेवेतल्या माणसाने लिहिलेली आहे आणि सरकारी कचेरीचे पोट आतून कसे दिसते ते तिच्याइतके स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेले नाही. मोजणी, मोबदला, दलाल, पुढारी आणि या सगळ्यांच्या मधे पिचून गेलेले खैरमोडे गुरुजी. ती वाचून मी संतापले होते, आणि संताप आणणे हेच तिचे काम आहे.

‘रिंगाण’ वाचून संताप येत नाही, काहीतरी अधिक अवघड होते. कादंबरी बहुतेक सगळी देवाप्पाच्या सोबतीने चालते, आणि त्याला योजना, शासननिर्णय, पुनर्वसन असल्या शब्दांत विचार करता येत नाही. त्याला म्हैस कळते. दावे सुटलेले जनावर आपल्याला ओळखत नाही, ज्या वाटेने आयुष्यभर गेलो त्या वाटेवर झाड माजले आहे, एवढ्यातून त्याला आणि आपल्याला समजत जाते की माणसे जशी गावावाचून दुसरीच कोणी होतात तशी जनावरेही होतात. बोली पन्हाळ्याकडची आहे. माझे माहेर त्या बाजूचे असल्यामुळे ती मला अडली नाही, उलट माझ्या आजीचे कितीतरी शब्द पन्नास वर्षांनी छापलेले दिसले. विदर्भातल्या वाचकाला कदाचित काही ओळी दोनदा वाचाव्या लागतील, जशा मला उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधल्या वऱ्हाडी संवादांच्या वाचाव्या लागल्या होत्या. अर्थ लागला नाही तरी ओळ मोठ्याने म्हणून पाहावी. निम्म्या वेळा तो कानाला लागतो.

विज्ञानकादंबरी म्हणून जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ त्यांच्या निधनानंतर, म्हणजे मे 2025 नंतर, मी पुन्हा काढली. स्वतःसारखीच दुसरी यंत्रे निर्माण करू शकेल असे बुद्धिमान यंत्र माणसाच्या हाती आले तर काय होईल, हा तिच्यातला प्रश्न आज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतो, आणि तो इतक्या आधी मराठीत कोणी मांडला होता याचे मला अप्रूप वाटते. पात्रे मात्र माणसांपेक्षा व्याख्याते जास्त आहेत. दोघे भेटले की एक जण विचारतो आणि दुसरा समजावून सांगतो. नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ अशा नावाने कथा पाठवली होती, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, आणि ती निवडली गेली, हा किस्सा मला त्यांच्या कोणत्याही पात्रापेक्षा जिवंत वाटतो. याच वाटेने पुढे जायचे असेल तर नंदा खरे यांचीच 2014 सालची ‘उद्या’ घ्यावी. तिच्यातली ‘भरोसा’ ही कंपनी प्रत्येकाची इतकी माहिती बाळगून आहे की नावातली थट्टा पहिल्याच प्रकरणात बोचू लागते. तिला अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला.

भयकथेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नारायण धारप यांची ‘लुचाई’ मी पावसाळ्यात, वीज गेलेली असताना वाचायची म्हणून मुद्दाम राखून ठेवली होती. कथानकाचा सांगाडा स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वरून घेतलेला आहे आणि तो दिसतो. आपल्याकडे मुंजा, हडळ, वेताळ, ब्रह्मसमंध असा भरलेला गोतावळा असताना बाहेरचे भूत का आणावे, असे मला वाटत होते. वाचताना जाणवले की धारपांच्या भुताला पिंपळ लागतच नाही, त्याला बंद खोली आणि वेळ पुरतो. अर्धे पुस्तक काहीच घडत नाही, आणि तो अर्धा भागच घाबरवतो. भूत प्रत्यक्ष आले आणि सर्वांना सर्व कळले की माझी भीती गेली आणि मी चहा टाकायला उठले.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ माझ्या भाचीने माझ्या हातात ठेवली, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते की मावशीला ही झेपेल की नाही याची तिला शंका आहे. 2006 सालची ही कादंबरी पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात घडते. घरात पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेल्या तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघांचेही प्रेम बसते. पहिला भाग तनय त्या निघून गेलेल्या माणसाला उद्देशून बोलतो, दुसरा भाग ही अनुजाची डायरी आहे, आणि त्या माणसाचे नाव शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही. भावाला बहिणीचे ठाऊक नाही, बहिणीला भावाचे नाही, आईवडिलांना दोघांचेही नाही, आणि जेवणाचे टेबल एकच. ‘मृत्युंजय’मध्ये मला जे सापडले नाही ते इथे दोनच निवेदकांत सापडले: तनयचे वाक्य वळणे घेत जुन्या वस्तूंपाशी रेंगाळते, अनुजाचे चालायला लागते. तिचा भाग मला थोडा घाईचा वाटला, भाचीला तनयचा रडवा वाटला, आणि आमचा हा वाद एका लग्नाच्या पंगतीत इतका रंगला की वाढपी दोनदा जिलबी विचारून गेला.

एक पुस्तक अर्धवट राहिले आहे तेही सांगते: रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’. शेकडो वर्षांतल्या पिढ्यांची ही जाडजूड कादंबरी मी दोनदा सुरू केली. दोष तिचा आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांची तक्रार आडवी आली, आणि इतके वजनदार पुस्तक आडवे पडून वाचता येत नाही.

आपण क्रम विचारला होता. आधी ‘रणांगण’ घ्यावी, कारण ती लहान आहे आणि बहुतेक वाचनालयांत मिळते. ‘अंताजीची बखर’साठी मला तीन दुकानांत फोन करावे लागले होते, तेव्हा तिची मागणी आजच नोंदवून ठेवावी. ती येईपर्यंत ‘रिंगाण’ वाचून होईल.