तीन महिन्यांचं भाडं थकलंय, कर्ज घेऊ का?

प्रश्न : माई, जुन्या जळगावात दोन खोल्यांत आम्ही सहा वर्षांपासून भाड्याने राहतो. भाडं ३,५०० रुपये, सगळं तोंडी ठरलेलं. आमचे हे डाळ मिलमध्ये ठेकेदाराकडे पोती वाहतात. थप्पीवरून पडून पाय मोडला, तीन महिने घरीच आहेत. मी बिबडे थापून विकते, त्यात किराणा भागतो. १०,५०० रुपये भाडं थकलंय. घरमालक म्हणतात, आठ दिवसांत द्या, नाहीतर लाइट कापतो. एक फायनान्सवाला आठवड्याच्या हप्त्यावर वीस हजार द्यायला तयार आहे. घेऊ का?
— एक बहीण, जळगाव

उत्तर : नको बहिणी, ते कर्ज घेऊ नको. भाडं एकदाचं फिटेल, पण दर आठवड्याला दारात हप्तेवाला उभा राहील आणि यांचा पाय तर अजून जमिनीला टेकलेला नाही.

लहानपणी आम्ही अमळनेरला भाड्याच्या खोलीत होतो. वडिलांचं काम सुटलं तेव्हा आई घरमालकाच्या ओट्यापुढून जाईना. हंडा घेऊन मागच्या बोळीतून पाण्याला जायची. बोलणं तुटलं आणि खोलीही गेली. म्हणून सांगते, उद्याच तुमच्या घरमालकाकडे जा. हाती हजार-पाचशे असतील ते दे, बाकीचे कधी देणार ते सांग आणि पावती माग. पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे, मागायला लाजू नको. देत नसतील तर पैसे मोबाइलवरून त्यांच्या खात्यात टाक, म्हणजे नोंद राहते.

लाइटची धमकी मनावर घेऊ नको. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूचं वीज-पाणी विनाकारण तोडायला मनाई आहे. थकबाकीसाठी घर खाली करून घ्यायचं तर आधी लेखी नोटीस आणि त्यानंतर ९० दिवस थांबल्यावरच दावा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही घरमालकाचीच असते. (ज्यांचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, त्यांनी मात्र या ९० दिवसांवर विसंबू नये.)

आता पैशाचं. तू भाड्याचं विचारलंस, पण मला यांच्या पगाराची जास्त काळजी आहे. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी, कापली जात होती का, ते आजच बघ. ठेकेदाराकडचे कामगारही त्यात येतात. नोंद असेल तर कामावरच्या अपघातात रजेच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. तीन महिन्यांची ती रक्कम हाती आली तर थकलेलं भाडं फिटेल. नोंद नसेल तरी भरपाईचा हक्क जात नाही.

ठेकेदार हात वर करेल, त्यासाठी वकील लागेल. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आधी १५१०० वर फोन करून विचारलंस तरी चालेल. जाताना आधार कार्ड, दवाखान्याचे कागद आणि एक्स-रे ने. हे पडले तेव्हा सोबत कोण होतं, त्यांची नावं आज रात्रीच यांना विचारून वहीत लिहून ठेव.