एकच डोमेन, दोन लिलाव, दोन खरेदीदार

प्रश्न : ताई, माझ्याकडे बरीच वर्षं जपलेलं एक डॉट कॉम डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आहे. विकायला म्हणून एका संकेतस्थळावर लिलाव लावला. बोली उठेना, म्हणून दोन-तीन दिवसांनी दुसरीकडेही लावला. पहिला लिलाव आधी संपेल आणि तिथे नाव गेलं तर दुसरीकडून काढून घेईन, असा हिशेब होता. पण शेवटच्या क्षणी बोली येत गेल्या, पहिल्या लिलावाची वेळ वाढत गेली आणि दोन्ही लिलाव एकाच रात्री संपले. दोन्हीकडे राखीव किंमत, म्हणजे मी ठरवलेली किमान किंमत, ओलांडली गेली. दुसऱ्याची बोली पहिल्याच्या जवळजवळ दीडपट आहे आणि त्याने पैसेही भरलेत. पहिला कोर्टात जाण्याची भाषा करतोय. जास्त पैसे देणाऱ्याला नाव दिलं तर काय बिघडेल?

उत्तर : आधी तातडीचं काम. रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव जिथे नोंदवलंय त्या कंपनीच्या, खात्यात जाऊन नावावर ट्रान्सफर लॉक, म्हणजे नाव दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप, आहे ना, ते बघा. ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा गुप्त संकेत, कोणाला पाठवला असेल तर नवा काढा, म्हणजे जुना निकामी होईल. आणि लिस्टिंग करताना कुठे ‘जलद हस्तांतरा’ला संमती दिली होती का, तेही तपासा. तशी संमती असेल, तर पैसे जमा होताच नाव तुम्हाला न विचारता खरेदीदाराच्या खात्यात जाऊ शकतं आणि तुमच्या दुसऱ्या खरेदीदाराने पैसे भरलेले आहेत. एकदा नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेलं की सहसा ६० दिवस ते पुढे हलवता येत नाही. चुकीच्या हाती गेलेलं नाव परत आणणं किती अवघड होतं, ते यावरून ओळखा. हे सगळं नाव दडवून ठेवण्यासाठी नाही, निर्णय होईपर्यंत ते जागेवर राहावं यासाठी करायचं.

आता दीडपट रकमेचं. राखीव किंमत ओलांडून लिलाव संपला की बहुतेक ठिकाणच्या अटींप्रमाणे विक्रीचा करार झालेला असतो. म्हणजे तुमचे दोन करार झालेत आणि नाव एकच आहे. एक करार मोडणार, हे अटळ आहे. तो मोडल्याची भरपाई साधारणपणे कशी मोजतात, ते नीट समजून घ्या : बाजारात त्या वस्तूची जी किंमत आहे, त्यातून ठरलेली किंमत वजा. पहिल्या खरेदीदाराला बाजारभाव सिद्ध करायला फार शोधाशोध करावी लागणार नाही. तुमच्याच दुसऱ्या लिलावाचा आकडा तो पुढे ठेवेल. ज्या वरच्या रकमेच्या आशेने तुम्ही त्याला टाळाल, तीच रक्कम तो नुकसान म्हणून मागेल आणि वर वकिलाचा खर्च तुमच्या गळ्यात पडेल. उलट नाव पहिल्याला दिलंत, तर दुसऱ्याला स्वस्तात मिळत होतं असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. त्याने मोजली तीच सगळ्यात वरची किंमत आहे. त्याचे पैसे पूर्ण परत करणं आणि झालेला खर्च भरून देणं, एवढ्यावर बहुधा मिटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : ज्याचा करार आधी झाला, त्याला नाव द्या. आधी कोणाचा झाला, ते मात्र अंदाजाने ठरवू नका. एक संकेतस्थळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवतं, दुसरं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची, आणि तुमच्या मोबाइलवर तिसरीच वेळ असते. वाढीव वेळेसकट दोन्ही लिलाव संपल्याची नोंद आणि त्यानंतर आलेल्या ई-मेल घ्या, सगळं यूटीसीत बदलून एका कागदावर लिहा. त्या दिवशी लागू असलेल्या दोन्हीकडच्या अटीही उतरवून ठेवा. लिलाव चालू असताना नाव दुसरीकडे विकायला ठेवायचं नाही, असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. ते असेल तर कमिशन मागितलं जाईल, खातंही बंद होऊ शकेल. ते सोसावं लागेल.

दुसऱ्याला आजच लिहा, खरं तेच लिहा. ‘तांत्रिक बिघाड झाला’ असली सबब देऊ नका. तीच ई-मेल उद्या पुरावा म्हणून समोर येते. एक सरळ वाट अजून उरते : पहिल्याला उघडपणे विचारा की ठरावीक रक्कम घेऊन तो बाजूला होईल का. तो लेखी ‘हो’ म्हणाला, तर दुसऱ्याला विकायला तुम्ही मोकळे. व्यवहार कोणाशीही होवो, पैसे एस्क्रोमध्येच, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत ते सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताकडेच, ठेवा आणि नाव खरेदीदाराच्या खात्यात दिसल्यावरच मोकळे होऊ द्या.

डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणारी आयकॅन ही संस्था यात पडेल, अशी आशा धरू नका. तिची १९९९पासूनची यूडीआरपी ही डोमेन नावांचे वाद सोडवण्याची प्रक्रिया ट्रेडमार्कधारकांसाठी आहे. मिळतंजुळतं नाव, धारकाचा हक्क नसणं आणि वाईट हेतूने केलेली नोंदणी व वापर, हे तिन्ही तिथे दाखवावं लागतं. फसलेला विक्रीव्यवहार त्यात बसत नाही. पण म्हणून कोर्टाची धमकी पोकळ समजू नका. सेक्स डॉट कॉमच्या खटल्यात २००३ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने, कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार डोमेन नाव ही मालमत्ता आहे, असं मानलं. १९९५मध्ये खोट्या पत्रावर ते नाव दुसऱ्याच्या नावे करून देणाऱ्या नोंदणी कंपनीवरही मूळ मालकाला दावा लावता आला.

प्रश्न : मुदत संपलेलं नाव लिलावात जिंकले, पैसे भरले. आठवड्याने कळलं, जुन्या मालकाने नूतनीकरण केलं. ही फसवणूक ना?

उत्तर : नाही, पैसे परत मिळाले असतील तर नाही. रजिस्ट्रार लिलाव लावतो तेव्हा नाव अजून रद्द झालेलं नसतं. डॉट कॉमच्या बाबतीत मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असू शकतो. नाव रद्द केलं तर त्यानंतर ३० दिवस ते सोडवून घेता येतं आणि शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही. नाव हस्तांतरित होईपर्यंत जुन्या मालकाचा हात पोचतो. अशा नावासाठी दुसरीकडे बॅकऑर्डर, म्हणजे नाव सुटताच ते आपल्यासाठी नोंदवण्याची आगाऊ मागणी, लावून ठेवली असेल, तर ती नाव पूर्ण सुटलं तरच कामी येते. नाव तुमच्या खात्यात दिसेपर्यंत त्यावर पुढचा खर्च करू नका.

प्रश्न : दर लिलावात एकच टोपणनाव माझ्याविरुद्ध बोली चढवतं. संशय घ्यावा का?

उत्तर : घ्यावा, पण पुराव्यासकट. २००९मध्ये स्नॅपनेम्स या लिलाव कंपनीने आपलाच एक कर्मचारी खोट्या नावाने बोली लावत होता, हे जाहीर केलं आणि ग्राहकांना परतावा देऊ केला. प्रत्येक लिलावाचा बोलीइतिहास पान बंद होण्याआधी उतरवून घ्या. ते टोपणनाव जिंकल्यावर ते नाव पुढे कोणाकडे गेलं, पुन्हा त्याच बाजारात विक्रीला आलं का, ते बघा आणि मगच कंपनीला लेखी विचारा.