रात्री झोप लागत नसेल तर

बाळ, बाप्तिस्मा होऊन तुला वर्षही झालं नाही, आणि कर्जाच्या हप्त्याच्या काळजीनं झोप उडाली म्हणून ‘माझा विश्वासच कच्चा’ म्हणतोस. तसं नाही रे. बायबलातली स्तोत्रसंहिता उघड. १५० स्तोत्रांत गाऱ्हाणी किती आहेत बघ की! ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे देवापुढं कुरकुर चालते. मराठीत कर, कन्नडात कर, त्याला दोन्ही कळतात. आपल्या सीमाभागात तेवढं एक तरी बरं.

मी बायबलातलंच ‘१ राजे’ हे पुस्तक, अध्याय १९, पुन्हा पुन्हा वाचतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत बसत नाही. उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, परत झोपतो, उठून परत खातो.

निपाणीकडं आमची तंबाखू पावसात भिजली, त्या साली मी उपास धरून बसलो होतो. आईनं ताटात झुणका-भाकरी वाढली. म्हणाली, “आधी जेव, मग कर प्रार्थना.” पाळकांच्या उपदेशापेक्षा तेच लागू पडलं. त्यांना सांगू नको.

मत्तय ६:३४ मध्ये उद्याची चिंता नको म्हटलंय, हिशेबाची वही मिटून ठेव असं नाही. प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला ‘चिंता करू नका’ असंच लिहिलं, तेही बेड्यांत असताना. सोमवारी सोसायटीत जाऊन मुदत मागू. मी येतो सोबत. पासबुक तेवढं आण.