१ लिटर खाद्यतेलाचं वजन १ किलो का भरत नाही?

कारण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. लिटर हे आकारमानाचं माप आणि किलो वजनाचं; दोन्ही आकडे जुळतात ते फक्त पाण्याच्या बाबतीत. १ लिटर तेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, तीळ, सगळ्यांचे आकडे याच्या आसपासच येतात, त्यामुळे प्रत्येक तेलासाठी वेगळा हिशोब ठेवायची गरज नाही.

मिलिलिटरला ०.९१ ने गुणलं की ग्रॅम मिळतात, आणि ग्रॅमला ०.९१ ने भागलं की मिलिलिटर. कृतीत ५०० ग्रॅम तेल सांगितलं असेल, तर मापाच्या भांड्याने ५५० मिलिलिटर घ्या. इथे बरेच जण उलटं करतात आणि भागायच्या जागी गुणतात. त्यासाठी सोपी खूण लक्षात ठेवा: तेलाचा ग्रॅमचा आकडा मिलिलिटरपेक्षा नेहमी लहानच यायला हवा.

२४० मिलिलिटरचा कप सुमारे २२० ग्रॅम, १५ मिलिलिटरचा मोठा चमचा १४ ग्रॅमच्या जरा आत, आणि ५ मिलिलिटरचा छोटा चमचा साडेचार ग्रॅम.

एक मात्र नक्की पाळा. कढईतलं गरम तेल मापाने मोजू नका. भाजण्याचा धोका तर आहेच, शिवाय तेल तापल्यावर फुगतं. तळणाच्या तापमानाला, म्हणजे १८० अंश सेल्सिअसच्या आसपास, तेवढंच तेल जवळजवळ दहा टक्के जास्त जागा व्यापतं. वजन मात्र तेच राहतं. म्हणूनच बेकिंगसाठी किंवा साबण करताना मी तेल थेट काट्यावरच तोलते.